इथलं इथेच राहतं

७ जानेवारी २०२५, मंगळवार

चेंबरमध्ये बसून आज पहिलं डिक्टेशन घेतलं. दोन चुका. साहेबांनी दोन्ही पकडल्या, लाल पेनाने गोल केले आणि काहीच बोलले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं!

आधीच्या लघुलेखकांची बदली झाली, म्हणून खालच्या कार्यालयातून मला थेट न्यायाधीशांच्या दालनात आणून बसवलं आहे. खोली लहान. साहेबांचं टेबल, पुस्तकांची दोन कपाटं, कोपऱ्यात माझी खुर्ची आणि संगणक. एक दार कोर्टाच्या व्यासपीठाकडे, दुसरं व्हरांड्याकडे. व्हरांड्यातल्या दाराशी स्टूल टाकून सिताराममामा बसतात. पट्टेवाले, एकतीस वर्षं नोकरी, मार्चअखेर निवृत्ती.

मी त्यांना विचारलं, इथे काय काय सांभाळावं लागतं? म्हणाले, "म्याडम, रस्त्यावरलं चेंबर तुंबलं की नगरपरिषदवाले झाकन उघडतेत, आन् सगळ्या गल्लीला वास सुटतो. ह्या चेंबरचं झाकन उघडायचं न्हाई. एवढं जमलं की नौकरी होती."

मी हसले. मोठ्याने हसले, याचंच मला आश्चर्य वाटलं.

८ जानेवारी, बुधवार

शाळेपासूनच्या शब्दांच्या वहीत आज 'चेंबर' घेतला.

कोशात 'दालन' आणि 'कक्ष' दिले आहेत. दोन्ही थंड, इथे कुणाच्या तोंडी नाहीत. वकिलांचं चेंबर म्हणजे आवारातल्या पत्र्याच्या शेडखाली एक टेबल, दोन खुर्च्या आणि नावाची पाटी. भिंत एकही नाही, तरी चेंबर! शिवाय काही आदेशांवर 'चेंबरमध्ये दिला' असं टाइप करावं लागतं. खालच्या कार्यालयातल्या मोठ्या बाबूंना विचारलं, तर म्हणाले, व्यासपीठावर न बसता दिलेला आदेश; साहेबांनी बंगल्याच्या ओट्यावर सही केली तरी तो चेंबरमधलाच. म्हणजे ही खोलीसुद्धा नव्हे. कोर्ट भरलेलं नसताना न्यायाधीश जिथे काम करतील ती जागा. आणि 'इन कॅमेरा'! कॉलेजात जाईपर्यंत मला वाटे की अशा सुनावणीचं चित्रीकरण करतात. लॅटिनमध्ये कॅमेरा म्हणजे खोली. लोकांना बाहेर ठेवून आत चाललेलं काम.

एवढं सगळं उतरवून खाली माझी स्वतःची व्याख्या लिहिली : चेंबर — जिथे बोललेलं बाहेर जात नाही अशी जागा. तिच्याखाली दोन रेघा मारल्या. फार समाधान वाटलं.

१० जानेवारी, शुक्रवार

आज जे झालं ते क्रमाने लिहिते. क्रम चुकला तर मी स्वतःला सोडवून घेईन.

मुलीच्या ताब्याचं प्रकरण. वडील योगीराज, मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतात. आई दैवशाला, दोन वर्षांपासून पालमला माहेरी, भाऊ-भावजयीकडे. मुलगी भक्ती, नऊ वर्षांची, आईपाशी. वडिलांनी तिचा ताबा मागितला आहे. अशा वेळी साहेब मुलाला एकट्याला चेंबरमध्ये बोलावून त्याची इच्छा विचारतात. आईवडील खालीच थांबतात, वकीलही.

मधल्या सुट्टीत मामा तिला घेऊन आले. दोन वेण्या, लाल फिती, बाह्या आखूड झालेला स्वेटर. तेवढ्यात पोलिसांनी एक आरोपी हजर केला आणि साहेबांना पुन्हा कोर्टात जावं लागलं. जाताना ते मला म्हणाले, "हिच्याजवळ बसा. प्रकरणाबद्दल काही बोलू नका."

स्पष्ट म्हणाले होते. मी ऐकलं होतं.

ती माझ्या वहीकडे बघत होती.

"ही कंची भाषा हाय?"

"मराठीच आहे. लघुलिपी म्हणतात."

"मंग वाचता कामून येत न्हाई?"

"शिकावी लागते."

"माझं नाव लिवा बरं."

मी लिहिलं. एक वळण, एक लहान रेघ, एक ठिपका. तिने त्यावरून बोट फिरवलं. "एवढंच? मी एवढीच हाय?" आणि खुदकन हसली. मग एकदम गंभीर झाली.

"हे आमच्या बाईला वाचता येईल?"

"नाही."

"मामीला?"

"नाही."

"साहेबाला?"

"साहेबांनाही नाही. फक्त मला."

त्या 'फक्त मला' म्हणण्यात मला केवढा अभिमान वाटला! दहावीला तालुक्यात पहिली आले तेव्हा सत्कारात दोन वाक्यं बोलता आली नाहीत, हारासकट खाली बसले. एसटीत कंडक्टरला गाडी थांबवा म्हणायला मला आजही शेजारची बाई लागते. आणि इथे एक लेकरू डोळे विस्फारून माझ्याकडे बघत होतं.

"इथं बोललेलं भाईर कळतंय का?"

मी माझ्या वहीतली व्याख्या तिला दिली. म्हणाले, "नाही. इथलं इथेच राहतं."

"शप्पत?"

"शपथ."

"मंग एक लिवून घ्या. तुमच्या लिपीत. कुनालाच सांगू नगा."

आणि तिने सांगितलं. मी घेतलं. शब्द न् शब्द. हात ऐकतो आणि लिहितो, त्याला विचार करायची सवय नाही. 'मला आईजवळच ऱ्हायाचंय. पर मी साहेबाला बाबाकडं म्हनून सांगनार हाय. मामी फोनवर बोलायली होती, लेकरू हाय म्हनून हिचं दुसरं जमंना. पाव्हणे येऊन बघून गेले, लेकरू नगं म्हनले. मी गेले की आईचं लगीन हुईल. मंग ती रडनार न्हाई.'

साहेब आले. तिला गोळी दिली, नाव विचारलं, पाढा म्हणायला लावला. मग विचारलं, कुठे राहायला आवडेल?

"बाबाकडं."

"का बरं?"

"तिथली शाळा मोठी हाय. गॅदरिंग असतंय."

"असं सांगायला कुणी शिकवलं का?"

"न्हाई."

खोटं नव्हतं. कुणीच शिकवलेलं नव्हतं.

ती गेल्यावर साहेबांनी टिपण सांगितलं : 'मुलगी वयाच्या मानाने समंजस आहे. ती कोणाच्याही दबावाखाली असल्याचे दिसून येत नाही. तिने वडिलांकडे राहण्याची इच्छा व्यक्त केली.' मी टाइप केलं. दाराबाहेर पडताना तिने वळून माझ्याकडे पाहिलं होतं आणि ओठांवर बोट ठेवलं होतं.

११ जानेवारी, शनिवार

सुट्टी. त्या टिपणात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

१३ जानेवारी, सोमवार

टिपण पाकिटात घातलं. मामांनी मेणबत्तीवर लाख वितळवली, पाकिटावर थेंब पाडले, मी मोहोर दाबली. लाल, गुळगुळीत, सुंदर दिसत होती. निकाल ३१ तारखेला.

माझी लघुलिपीची वही खणात आहे. पान सदतीस. खणाला कुलूप लावलं, मग वाटलं, कुलूप कशाला? कुणाला वाचता येणार आहे?

१७ जानेवारी, शुक्रवार

जेवणाचा डबा घेऊन व्हरांड्यातून जात होते. कुणीतरी "म्याडम" म्हणालं. भक्तीची आई. तारखेसाठी नव्हे, कुठल्याशा कागदाच्या नकलेसाठी पालमहून आली होती. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी असेल. पदराखालून डबी काढली.

"तिळगूळ घ्या. संक्रांत झाली तरी रथसप्तमीपतूर चालतंय."

घ्यायला नको होता. घेतला. तिने घाईघाईने विचारलं, "माझी लेक आत काय म्हनली, जरा सांगता का? मी कुनाला बोलनार न्हाई. आल्यापासून माझ्याजवळ निजना झाली बगा. मामीपाशी निजायली. मी काई चुकले का?"

मी म्हणाले, "चेंबरमधलं सांगता येत नाही."

नियम बरोबर होता. वाक्य बरोबर होतं. ती म्हणाली, "व्हय व्हय, माफ करा माय," आणि चक्क माझ्या पाया पडायला वाकली! मी मागे सरले. डबा हातातून पडला. भाजी सगळी फरशीवर.

ती माझी भाजी पुसत बसली. स्वतःच्या रुमालाने.

१८ जानेवारी, शनिवार

लेकरू आतापासूनच दूर निजायची सवय करत आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

दुपारी साहेब व्यासपीठावर होते. मामांना चहा आणून दिला. ते स्टुलावर, मी उंबऱ्याच्या आत.

"मामा, एकतीस वर्षांत तुम्ही आतलं किती ऐकलं असेल?"

"लय."

"मग?"

"मंग काय? घरला जाताना हितंच ठिवून जायाचं. आमची कारभारीन म्हनती, तुमी कोर्टात मुके झाले."

"कधी सांगावंसं वाटलं नाही?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. बशी पुसली. 

"येकदा वाटलं," ते म्हणाले. "न्हाई सांगितलं. त्या मानसाला जाऊन आता बारा वर्सं झाली." आणि आतून घंटी वाजली म्हणून उठले.

मी माझ्याशी खरं बोलायचं ठरवलं आहे, म्हणून लिहिते. शपथ दिली म्हणून मी गप्प नाही. माझा परिविक्षेचा काळ चालू आहे, नोकरी अजून कायम झालेली नाही. 'बोलू नका' म्हटलेलं असताना बोलले, हे उघड झालं तर नोकरी जाऊ शकते. गावी, बोरीला, आई शेजारणींना सांगत असते, आमची राजेश्री जज्जाच्या बाजूला बसती. शपथ फक्त पुढे धरलेली आहे. तिच्यामागे मी बसले आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

साहेबांनी निकाल सांगायला सुरुवात केली. पहिले अकरा परिच्छेद झाले. माझा हात नीट चालत होता. बारावा : 'मुलीने कोणत्याही दबावाशिवाय...'

हात थांबला. माझा हात डिक्टेशनमध्ये आजवर कधीच थांबलेला नाही.

"काय झालं? वेग जास्त झाला का?"

"साहेब, एक सांगायचं आहे. त्या दिवशी भक्ती—"

त्यांनी हात वर केला. "या प्रकरणाबद्दल?"

"हो."

"मग इथे नाही."

मला समजलं नाही. मी म्हणाले, साहेब, आपण दोघेच आहोत, दार बंद आहे.

"म्हणून तर नाही," ते म्हणाले. रागावले नव्हते, शिकवताना बोलतात तसे बोलले. "एका बाजूबद्दलची गोष्ट दुसऱ्या बाजूच्या माघारी मला इथे कुणी सांगितली, तर ती मला ऐकता येत नाही. मुलीला इथे विचारतो ते तिला लोकांसमोर संकोच वाटू नये म्हणून, दोन्ही बाजूंना सांगून. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर लेखी द्या. दोघांना प्रती जातील. उघड्या कोर्टात वाचलं जाईल. आणि मी तुम्हाला बोलू नका म्हटलं होतं, त्याचा खुलासाही द्यावा लागेल." मग समोरचे कागद मिटून, "बारावा परिच्छेद आज राहू द्या."

म्हणजे माझी व्याख्या मुळातच चुकीची होती! या खोलीने कुणाचंही गुपित राखायचं कबूल केलेलं नाही. कबूल मी केलं होतं. नऊ वर्षांच्या लेकराला. माझ्या मालकीची नसलेली वस्तू मी तिला दिली.

२५ जानेवारी, शनिवार

अर्जाचे चार मसुदे. पहिल्यात मी निर्दोष होते. दुसऱ्यात थोडी दोषी. चारही फाडले.

२६ जानेवारी, रविवार

कोर्टात झेंडावंदन. साहेबांनी सगळ्यांना जिलबी वाटली, मलाही. मामा म्हणाले, "म्याडम, चार दिसात किती वाळल्या तुमी! जेवायलाव का न्हाई?"

२७ जानेवारी, सोमवार

दिला. पान सदतीस मराठीत उतरवून सोबत जोडलं. तिचे शब्द जसेच्या तसे ठेवले, एकही शुद्ध केला नाही. शेवटच्या ओळीपाशी फार वेळ बसले. 'कुनालाच सांगू नगा' हेही तिने सांगितलं होतं, ते लिहायचं की नाही? लिहिलं. ते वगळलं असतं तर मी अजून एकदा चोरी केली असती.

मोठ्या बाबूंनी अर्ज वाचला, चष्मा काढला. "पोरी, तुला कुनी मागितलं होतं का हे?" म्हणाले. आवक क्रमांक टाकला.

३० जानेवारी, गुरुवार

कोर्ट गच्च भरलेलं. दुसऱ्या प्रकरणांची माणसं होती, बोअर झालेले वकील होते, भिंतीला टेकलेले पोलीस होते. मला पिंजऱ्याजवळ उभं केलं. माझ्या खुर्चीवर खालच्या कार्यालयातले टंकलेखक बसले होते. मी माझा अर्ज वाचला. आवाज येईना, म्हणून साहेब म्हणाले, मोठ्याने. मी मोठ्याने वाचला. 'मंग ती रडनार न्हाई' हे वाक्य मला पन्नास माणसांसमोर मोठ्याने वाचावं लागलं. भक्तीने ते एका ठिपक्यात लपवलं होतं.

दैवशालाबाई रडल्या नाहीत. त्यांनी पदर नीट केला आणि वकिलांना न विचारताच बोलल्या.

"साहेब, ते पाव्हणे दिवाळीच्या आधी आलते. मी त्याच दिवशी न्हाई म्हनून सांगितलं. लेकरू नगं असंल तर मी बी नगं म्हनलं. भावजयीला राग आला त्याचा. माझ्या लेकीला हे सांगायचं ऱ्हाऊन गेलं, साहेब. एवढं लहान लेकरू, तिला काय सांगावं, म्हनून ऱ्हाऊन गेलं."

योगीराज खाली बघत होते. सगळा वेळ. टोपी हातात, तिची कड बोटांनी चाचपत. 

साहेब मुलीला पुन्हा बोलावणार आहेत, सोमवारी. मला खुलासा मागणारं ज्ञापन मिळालं आणि नक्कल विभागात हलवलं. खिडकीला जाळी आहे. लोक अर्ज करतात, मी निकालांच्या नकला काढून देते. नोकरीचं नंतर ठरेल.

३ फेब्रुवारी, सोमवार

ती दोन वाजता आली. नक्कल विभागावरूनच चेंबरकडे वाट जाते. मी जाळीमागे उभी राहिले. तिने मला पाहिलं. ओळखलं. मग आईचा पदर ओढून त्यात तोंड घातलं आणि माझ्या खिडकीसमोरून तशीच, आंधळ्यासारखी, चालत गेली.

साडेतीनला मामा आले. ते स्टूल सोडून खाली आलेले मी कधी पाहिले नव्हते.

"आतलं मला म्हाईत न्हाई," ते म्हणाले. "मी काई ऐकलं न्हाई. भाईरचं सांगतो. पोरगी भाईर आली, आईनं तिला कडंवर घेतलं. नऊ वर्साचं लेकरू, पाय पार खाली लोंबायलेत! तशीच घेऊन गेली आई स्टँडापतूर. मी गेटवर जाऊन बघितलं."

मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाली का?

मामा जाळीच्या तारेवर नख घासत राहिले. "आतलं मला म्हाईत न्हाई, म्याडम."

५ फेब्रुवारी, बुधवार

निकाल आला. ताबा आईकडे. दर दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी वडिलांची भेट. भक्ती आत काय म्हणाली त्याचा एक शब्दही साहेबांनी त्यात घेतलेला नाही. बाराव्या परिच्छेदात एवढंच आहे : 'मुलीशी पुन्हा संवाद साधला. तिचे म्हणणे विचारात घेतले आहे.'

तो परिच्छेद तीनदा वाचला. मी दिलेला शब्द कुणीतरी पाळत होतं, आणि ती मी नव्हते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

खिडकीवर योगीराज आले, निकालाची नक्कल घ्यायला. मी रजिस्टर पुढे सरकवलं. त्यांनी सही केली, पण कागद उचलेनात. मागे रांग होती. जाळीजवळ तोंड आणून हळूच म्हणाले, "पोरीनं मला हे समदं दिवाळीतच सांगितलं होतं, म्याडम. आईला आन् साहेबाला सांगू नगा म्हनली. शप्पत घेतली." टोपी डोक्यावर ठेवली. "मी बापुडा काय करनार? दिलेली शप्पत पाळली."

मी शिक्का मारला आणि नक्कल जाळीखालून सरकवली. ते गेले.

दहा जानेवारीपासून चोवीसपर्यंत मीही रोज मनाशी हेच म्हणत होते. अगदी याच शब्दांत.